प्राचार्यांना प्राचार्यांची श्रद्धांजली

"विद्यार्थी मित्रांनो, माझ्या या दोन डोळ्यांना डोळे समजू नका. ही क्ष-किरण यंत्रं आहेत!"

एवढं बोलून प्रा. कारभारी भोपळे सरांनी ती यंत्रं सभागृहावरून डावीकडून उजवीकडे फिरवली. पहिल्या रांगेतल्या एका पोट्ट्यानं घाबरून तोंडातली सुपारी गिळली आणि त्याला जोराचा ठसका लागला. सरांनी लगेच त्याच्यावर बोट रोखलं.

"बघा! अपराधी मन माझ्यासमोर असं उघडं पडतं. इतिहास हा माझा विषय असेल, पण तपास हा माझा श्वास आहे. मी चपलेवरून माणसाचं चारित्र्य सांगतो आणि शिंकेवरून त्याचा तालुका. मोठ्या शहरात जन्मलो असतो तर आज माझ्या नावाचा चौक असता. वडनेर भोलजीत जन्मलो, हे गुन्हेगारांचं नशीब!"

मंचावर शेवटच्या खुर्चीत बसलेल्या धम्मशीला मॅडम हे सगळं टिपून घेत होत्या. सरांच्या स्वतःच्या चपला मागच्या महिन्यात मंदिरासमोरून गेल्या त्या अजून सापडल्या नव्हत्या, एवढं मात्र त्यांनी टिपलं नाही.

प्रसंग होता मातोश्री तानाबाई कला महाविद्यालयातल्या 'ऑनलाइन सभ्यता सप्ताहा'च्या उद्घाटनाचा. कॉलेजात ऑनलाइन गैरवर्तन रोखायला समिती नेमा, असा वरून आदेश आला होता. "कोण घेतं जबाबदारी?" असं प्राचार्यांनी विचारलं तेव्हा झाडून सगळे प्राध्यापक पंख्याकडे बघायला लागले आणि भोपळे सर एकटेच उभे राहिले. सचिवपद धम्मशीला मॅडमच्या गळ्यात पडलं, कारण त्या तासिका तत्त्वावर होत्या. तासिका तत्त्वावरच्या माणसाला नाही म्हणायची सोय नसते. समितीचं पहिलं कार्य म्हणून सरांनी ऑनलाइन तक्रारींसाठी सागवानी लाकडाची पेटी करून घेतली आणि तिला भलंमोठं कुलूप लावलं. किल्ली त्याच दिवशी हरवली. तो तपास अजून चालू होता.

"शेवटी एकच मंत्र देतो," सर गरजले. "मेसेज पाठवण्याआधी ग्रुपचं नाव वाचा! नाव वाचल्याशिवाय अंगठा हलला नाही पाहिजे!" आणि त्यांनी टेबलावर अशी मूठ आपटली की पाण्याचा ग्लास आडवा झाला आणि पाणी थेट प्राचार्यांच्या मांडीवर गेलं.

प्राचार्य डॉ. जानराव हिवराळे यांनी ते हसत हसत रुमालानं टिपलं. त्यांचा त्या दिवशी सत्कार होता. कुठल्याशा मंडळानं त्यांना आदर्श प्राचार्य ठरवलं होतं, म्हणून शाल, नारळ आणि झेंडूचा जाडजूड हार झाला. मागं समई तेवत होती. नेमका फोटो निघाला तेव्हा साहेबांचे डोळे मिटले. फोटो काढला तिसऱ्या वर्षाच्या काजलनं. पोरगी हुशार, वर्गाची प्रतिनिधी, रोज पहाटे मलकापूर रस्त्यानं धावणारी. तिला पोलीस भरतीत उतरायचं होतं. कॉलेजात कोणाचा मोबाईल बिघडला तर हिच्याकडेच जाई. प्राचार्यांच्या फोनमधली अक्षरं तिनंच त्यांना चष्म्याशिवाय दिसतील एवढी मोठी करून दिली होती.

"काजल, तो फोटो सकाळी कॉलेजच्या ग्रुपवर टाकून दे," सर म्हणाले. झालं. पुढचं सगळं रामायण त्या एका फोटोनं घडवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धम्मशीला मॅडम पोळ्यांचं पीठ मळत होत्या, तेवढ्यात फोन थरथरायला लागला. एकामागून एक मेसेज. पिठाच्या बोटानं त्यांनी पाहिलं, तर कॉलेजच्या ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली', 'भावपूर्ण श्रद्धांजली', 'ॐ शांती', पुन्हा 'भावपूर्ण श्रद्धांजली'. कोण गेलं हे बघायला वर जावं तर पोळी करपणार. आणि स्टाफमधल्या सगळ्यांनी लिहिलंय, आपण एकटं राहिलो तर उद्या कोणीतरी म्हणणार, मॅडमला काही वाटत नाही! मॅडमनं पिठाच्याच बोटानं 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं, दोन हात जोडलेले लावले आणि पोळी उलटली. वर, फोनची जागा भरली म्हणून नेहमीसारखे ग्रुपवरचे सगळे मेसेज पुसूनही टाकले.

कॉलेजात पोचल्या तर फाटकाशी शिपाई रुमाल डोळ्याला लावून उभा. "मॅडम, साहेब गेले."

"कुठे?"

शिपायानं आभाळाकडं बोट केलं. त्याच वेळी आतून साहेबांचा आवाज आला, "माह्या चहाचं काय झालं बे?" आणि शिपाई मटकन खालीच बसला.

आता साहेबांची अवस्था ऐका. सकाळपासून त्यांना स्वतःच्या मरणाबद्दल फोन येत होते. साडूभाऊ चिखलीहून गाडी करून निघाले होते. विम्याचा एजंट दुःखात सहभागी होता-होताच वारसाचं नाव विचारत होता. शिकवलेले जुने विद्यार्थी त्यांच्याच फोनवर फोन करून 'बॉडी कधी नेणार' विचारत होते. सौभाग्यवती तर माहेरी गेल्या होत्या, त्यांना तिथं कोणीतरी पाणी पाजून बसवलं होतं. साहेब टेबलावर मूठ आपटत म्हणाले, "भोपळे! मले जित्तेपणी मारलं! कोण आहे थो, शोधा! शनिवारच्या आत नाव पाहिजे. त्याले कॉलेजातून काढतो आणि असा दाखला लिहून देतो, की शिपायाचीबी नोकरी लागली नाही पाहिजे!"

भोपळे सरांच्या चेहऱ्यावर एखाद्याला लॉटरी लागल्यासारखं तेज आलं.

त्यांनी आपल्या फोनवरून ग्रुपचे फोटो घेतले, रंगीत छापून आणले आणि भिंतीवर चिकटवले. सगळ्यात वर काजलनं टाकलेला फोटो होता: हार, समई, मिटलेले डोळे. कोणीही पाह्यलं असतं तरी हात जोडले असते. त्याच्या खाली पहिली श्रद्धांजली. आणि ती ज्याच्या फोनवरून आली होती, ते नाव वाचून धम्मशीला मॅडमच्या हातातली टाचणी खाली पडली.

ती श्रद्धांजली स्वतः प्राचार्य डॉ. जानराव हिवराळे यांची होती.

"सर, साहेबांनीच साहेबांना श्रद्धांजली वाहिलीय," मॅडम म्हणाल्या. "आणि साहेबांनी लिहिलं म्हणून बाकीच्यांनी लिहिलं."

"तेच तर रहस्य आहे!" सर खुर्चीवर चढून म्हणाले. "मेलेला माणूस लिहू शकत नाही. जिवंत माणूस हे लिहिणार नाही. उरलं काय? परकीय शक्ती!"

साहेबांना विचारलं तर ते उखडले. "मी काऊन लिहू? मी काय खुळा आहो?" मग त्यांचा फोन हॅक झाला, असं ठरलं. नांदुऱ्याहून मोबाईल दुकानवाला प्रेम नावाचा तज्ज्ञ आला. त्यानं फोन उलटा-सुलटा केला, काच पुसली, नवं कव्हर विकलं आणि "व्हायरस असू बी शकते, नसू बी शकते," असा निष्कर्ष देऊन चहा पिऊन गेला.

पुढचे दिवस सरांच्या बुद्धीला नुसतं उधाण आलं होतं. त्यांनी भिंग घेऊन सगळ्या श्रद्धांजल्या तपासल्या आणि किंचाळलेच. "मॅडम! सगळ्यांचं अक्षर एकसारखं आहे! भ बघा, श्र बघा, कुठं काही फरक? हे सगळं एकाच माणसानं लिहिलंय!"

"सर, मोबाईलमध्ये सगळ्यांचं अक्षर सारखंच असतं."

"म्हणजे अख्ख्या कॉलेजचे मोबाईल त्याच्या ताब्यात आहेत! टोळी मोठी आहे."

मग बोटांचे ठसे झाले. सरांनी स्टाफच्या सगळ्या फोनवर टाल्कम पावडर मारली. धम्मशीला मॅडमच्या फोनवर एक संशयास्पद पांढरा पदार्थ मिळाला. तो सरांनी जिभेला लावून पाहिला, डोळे मिटले आणि म्हणाले, "गव्हाचं पीठ." अख्ख्या तपासात त्यांचा तेवढा एकच निष्कर्ष बरोबर निघाला.

या सगळ्यात सरांचा फोन सारखा वाजे. पडद्यावर 'अन्नपूर्णा' दिसे, म्हणजे सरांच्या सौभाग्यवती. सर कापून टाकत. एकदा नाइलाजानं उचलला आणि कुजबुजत ओरडले, "अगं, तिकडे माझ्यावाचून काय अडलंय? भाऊ आहेत, भाचे आहेत! मी इथे जिवंत माणसाच्या मृत्यूचा तपास करतोय! नाही जमणार म्हणजे नाही जमणार!" फोन ठेवून ते मॅडमना म्हणाले, "थोर माणसाला संसार समजून घेत नाही." मॅडमना वाटलं, माहेरी काही पूजाबिजा असेल.

इथपर्यंत सगळी गंमत होती. पण शनिवार जवळ आला, साहेब रोज विचारायला लागले, आणि सरांना आता कोणीतरी पाहिजेच होतं.

"काजल!" एका दुपारी सर उठून उभे राहिले. "फोटो तिनं टाकला. साहेबांचा फोन तिनं हाताळला होता, अक्षरं मोठी करायच्या निमित्तानं. आणि हेतू? ती पोलिसात जाणार आहे. गुन्हेगाराचं मन कळायला आधी गुन्हा करून बघावा लागतो. हा तिचा सराव होता!"

"सर, या हिशेबानं डॉक्टर व्हायला आधी आजारी पडायला लागेल," मॅडम म्हणाल्या. "आणि तिला बोलावून तर विचारा. चौकशी व्हायच्या आधी कोणाचं नाव बाहेर जाऊ द्यायचं नसतं. समितीचा नियमच आहे तो, तुम्ही स्वतः वाचून दाखवला."

"नियम सामान्यांना असतात," सर म्हणाले. आणि त्यांनी काय करावं? ग्रुपवर स्वतःच्या हातानं टाकलं: 'श्रद्धांजली प्रकरणी कु. काजल, तृतीय वर्ष, ही प्रमुख संशयित असून तिचा मोबाईल जप्त करण्यात आला आहे.' खाली स्वतःची सही आणि भिंगाचं चित्र.

संध्याकाळपर्यंत कोणीतरी काजलचा फोटो रेड्यावर बसवला. हातात दोर, डोक्यावर शिंगं. तो एका ग्रुपवरून दुसऱ्यावर, कॉलेजातून गावात, गावातून नांदुऱ्यापर्यंत गेला. लोक हसले आणि पुढं ढकलत राहिले. कोणाचं काही गेलं नाही. ज्या पोरीचं गेलं तिचा फोन सरांच्या कपाटात लाखेची मोहर लावून पडला होता.

दुसऱ्या दिवशी काजल ग्रंथालयात धम्मशीला मॅडमपाशी येऊन उभी राहिली. रडत नव्हती. रडली असती तर मॅडमना बरं वाटलं असतं.

"मॅडम, सोमवारी भरतीची कागदपत्रं पाह्यणार आहेत. वर्तणुकीचा दाखला लागते. ऑफिसात गेली तं म्हणे साहेबानं थांबवला."

"तू फोटो टाकलास तेव्हा काय लिहिलं होतंस?"

"काहीच नाई. आमच्या घरी रेंज कुठं राह्यते? म्या फोटो पाठवला, थो गोल गोल फिरूनच राह्यला. मंग फोन खिडकीत ठेवला, आजीजवळ, आणि धावाले गेली. केव्हा गेला मले काय माहीत! घरी आली तं बाबा दारातच उभे. म्हणे, साहेबाले मारलं तुनं?" ती थांबली. "बाबा म्हणते, दाखला नाई भेटला तं आता घरीच बस. आणि थो रेड्यावाला फोटो पाह्यल्यापासून तं माह्याशी बोलूनच नाई राह्यले. मॅडम, दोन वर्षं झाली मी पहाटं धावून राह्यली. एका फोटोपायी?"

धम्मशीला मॅडमना मनातून इतका राग आला की तासिका तत्त्व गेलं उडत. त्या सरळ प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेल्या. "साहेब, पोरीचं ऐकल्याशिवाय दाखला अडवता येणार नाही. आणि ऑनलाइन गैरवर्तन म्हणाल तर या कॉलेजात आतापर्यंत एकच झालंय. ते समितीनं केलंय."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बरं, उद्या घ्या सुनावणी. पालक आणा म्हणा."

काजलचे वडील ज्ञानेश्वर लाजेनं आले नाहीत. तिच्यासोबत आली तिची आजी, मनकर्णाबाई. नऊवारी, हातात पिशवी, कपाळावर पदर. केबिनमध्ये साहेब, धम्मशीला मॅडम आणि समोर जाडजूड फाइल उघडून बसलेले भोपळे सर. मॅडमनी खुर्ची पुढं केली, पण म्हातारीचं खुर्चीकडं लक्षच नव्हतं. तिनं खोलीभर नजर फिरवली, भोपळे सरांना शोधून काढलं आणि सरळ त्यांच्या पायापाशी जमिनीवर बसली. डोळ्याला पदर लावला.

"कारभारी, लय वाईट झालं रे बापा."

सरांचे डोळे चमकले. "साहेब! कबुली! न विचारता! मॅडम, लिहा."

"होऊ नोको थे झालं. आपल्या हातात काय राह्यते सांग बरं?"

"लिहा, मॅडम. 'आमच्या हातात काही नव्हतं.' म्हणजे सूत्रधार वरचा कोणीतरी आहे!"

"हाव, वरच्याचीच मर्जी," म्हातारी म्हणाली.

"नाव सांगा त्याचं!"

मनकर्णाबाईनं पदर बाजूला करून त्यांच्याकडं पाहिलं. दुःखानं माणसाच्या डोक्शावर परिणाम होतो हे तिनं पाहिलं होतं. ती आणखी मायेनं बोलायला लागली. "रडू येते तं रडून घे रे बापा. तसं दाबून ठेवू नोको. लय जिवाभावाची बाई होती झुंबरबाई."

"झुंबरबाई!" सर उभे राहिले. "टोळीतलं नवं नाव! कोण ही झुंबरबाई? कुठं राहते? तिचा मोबाईल नंबर काय?"

मनकर्णाबाईनं नातीकडं पाहिलं, मग साहेबांकडं. "काय बाप्पा बोलून राह्यला हा! अरे, तुह्या बायकोची मावशी! वरवट बकालची! आमी दोघी एकाच गल्लीतल्या, एका हिरीवर पाणी भरलं आमी. आणि मेली हे तूच तं सांगतलं!"

"मी?" सर म्हणाले. "मी कोणाला सांगितलं?"

"साऱ्याइले! थ्या दिवशी सकाळी, काजलच्या फोनात. पोट्टी धावाले गेली होती, फोन माह्यापाशी खिडकीत. मले वाचता येत नाई, पण बोललेलं ऐकता येते, थे हिरवं बटन दाबलं की. तुहाच आवाज. 'कळवण्यास अत्यंत दुःख होते,' असं मोठ्यानं, भाषण केल्यावानी. 'आमच्या मावससासूबाई झुंबरबाई यांचे वरवट बकाल येथे निधन झाले, अंत्यविधी दुपारी.' म्या दोनदा ऐकलं. तिसऱ्यानं ऐकाले गेली तं पुसल्या गेलं. मंग घरी हे सारं सुरू झालं, पोट्टी रडते, ज्ञानेश्वर ओरडते, त्याच्यात माह्यं बोलणं कोण ऐकते! म्हणलं, कारभारीले भेटू तवा पहिले तेवढं इचारू. दुःखाच्या माणसाशी पहिले तेच बोला लागते, बाकीचं मंग. आता सांग, झुंबरबाई कशानं गेली?"

त्याच वेळी सरांचा फोन वाजला. पडद्यावर 'अन्नपूर्णा' आलं. या वेळी सरांनी तो कापला नाही, उचललाही नाही. नुसते बघत राहिले.

धम्मशीला मॅडमनी हात पुढं केला. "सर, फोन द्या इकडे." त्यांनी कॉलेजचा ग्रुप उघडला, काजलनं टाकलेला साहेबांचा फोटो गाठला आणि बोटानं फक्त एकदा वर सरकवलं. फोटोच्या अगदी वर, सरांनी भिंतीवर चिकटवलेल्या कागदाच्या हातभर वर, बारीक अक्षरात ओळ होती: तुम्ही हा मेसेज काढून टाकला आहे.

"मी लगेच काढला होता!" सर ओरडले आणि घाईत त्यांची शुद्ध भाषा सुटली. "एका मिनिटाच्या आत! थो आमच्या घरच्या ग्रुपवर टाकाचा होता, चुकून इथं पडला! काढलेला मेसेज मेसेजच नसते! माह्या मनातून तं थो गेलाच होता!"

"पण कोणीतरी त्या मिनिटात ऐकला," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी प्राचार्यांकडं पाहिलं.

साहेबांचं तोंड हळूहळू उघडलं. "थांबा, थांबा. मी चहा पिऊन राह्यलो होतो. भोपळेंच्या घरचं कोणीतरी गेलं, असं ऐकलं खरं. माणूस आपल्या स्टाफचा, म्हणून मी..." त्यांनी अंगठा हवेत दाबला. "भ दाबला. भ दाबला की पुढचं सारं फोनच लिहिते. दिवसातून दहा ग्रुपवर लिहितो, कोणासाठी लिहिलं हे काय ध्यानात राह्यते? आणि अक्षरं एवढी मोठी, की वर माहाच फोटो येऊन पडला थे मले दिसलंच नाई!"

आता सगळ्यांच्याच ध्यानात आलं. सरांचा निरोप, मग रेंज मिळताच येऊन पडलेला काजलचा फोटो, मग साहेबांची श्रद्धांजली. मधून सरांनी निरोप काढला. उरला हार घातलेला, डोळे मिटलेला फोटो आणि खाली खुद्द प्राचार्यांचा शोकसंदेश. साहेबांनी लिहिलं म्हणून उपप्राचार्यांनी लिहिलं, त्यांनी लिहिलं म्हणून स्टाफनं, स्टाफनं लिहिलं म्हणून पोरांनी. कोण गेलं हे कोणीच विचारलं नाही. धम्मशीला मॅडमनीही नाही, हे त्यांना आठवलं आणि त्यांनी नजर खाली घातली.

साहेब आधी गालातल्या गालात, मग पोट धरून हसायला लागले. त्यांनी तिथंच दाखला मागवला, सही ठोकली, शिक्का मारला आणि काजलपुढं धरला. "घे बेटा. चांगली वर्तणूक. पुढं 'अत्यंत' हा शब्द मी हातानं लिहिला आहे."

काजलनं दाखला घेतला. पण ती हलली नाही.

"सर," ती भोपळे सरांना म्हणाली, "तुमचा मेसेज चुकून पडला, तुमी एका मिनिटात काढला. माह्यं नाव टाकलं, थे काऊन काढलं नाई? थे अजून तिथंच आहे. दाखला भेटला, पण ग्रुपवर मी अजून चोरच आहो. बाबा दाखला नाई पाह्यत, बाबा फोन पाह्यते."

साहेबांचं हसू थांबलं. भोपळे सरांनी फाइल मिटली. क्ष-किरण यंत्रं फरशीकडं वळली होती. धम्मशीला मॅडमना त्यांची पहिल्यांदाच कीव आली.

"भोपळे," साहेब शांतपणे म्हणाले, "जिथं नाव घेतलं तिथंच माफी मागा. आत्ता. आपल्या आवाजात. आणि रेड्यावर बसवणारा कोण, थे मॅडम पाहतील. त्याले बोलावतील, त्याचं ऐकतील, आणि नाव बाहेर जाणार नाई. पेटीचं कुलूप तोडा आणि समिती मॅडमकडं द्या."

सरांनी फोन परत घेतला, ग्रुप उघडला. घसा खाकरला. मग जे बोलले ते भाषण नव्हतं. "मी कारभारी भोपळे बोलतो. काजलनं काहीही केलेलं नाही. चूक माझी होती. मी तिला न विचारता तिचं नाव घेतलं. तिची आणि तिच्या घरच्यांची मी माफी मागतो." अंगठा सुटला, निरोप गेला.

लगेच फोन थरथरायला लागला. एकामागून एक उत्तरं. साहेब उत्सुकतेनं पुढं वाकले. "काय म्हणून राह्यले लोकं?"

धम्मशीला मॅडमनी वाचलं. "भावपूर्ण श्रद्धांजली. भावपूर्ण श्रद्धांजली. ॐ शांती. भावपूर्ण..." मग त्यांनी वर ग्रुपचं नाव पाहिलं. "सर, हा तुमच्या सासुरवाडीचा ग्रुप आहे."

या वेळी मॅडमनी स्वतः कॉलेजचा ग्रुप उघडला, त्याचं नाव मोठ्यानं वाचलं, सरांकडून एकदा आणि साहेबांकडून एकदा वाचून घेतलं आणि मगच सरांना बोलू दिलं. काजलच्या नावाचा तो मेसेजही काढायला लावला. माफी गेली. सगळे फोनकडं बघत बसले. काहीच येईना. साऱ्या कॉलेजनं ऐकलं होतं, पण साहेबांच्या आधी कोण लिहिणार? आणि साहेबांनी तर दोन्ही हात पाठीमागं बांधून ठेवले होते.

मॅडमनी सरांच्या कपाटातून काजलचा फोन आणला, लाख फोडली आणि तिच्या हातात दिला. तो तिच्या हातातून मनकर्णाबाईनं घेतला. "कुठं दाबू? हे का?" तिनं फोन तोंडाजवळ धरला आणि शेतातल्या माणसाला हाक मारावी तेवढ्या मोठ्यानं ती बोलली.

"कारभारी, ऐकलं. माफ केलं. आता उठ आणि झुंबरबाईच्या दहाव्याले जाय. बायको वाट पाहून राह्यली."

अंगठा सुटला. आणि मग फोन जो थरथरायला लागला तो थांबेना. उपप्राचार्य: 'ऐकलं. माफ केलं.' स्टाफ: 'ऐकलं. माफ केलं.' पोरं, पोरी, ऑफिस, शिपाई: 'ऐकलं. माफ केलं. झुंबरबाईच्या दहाव्याले जाय.' कोणी दोन हात जोडलेले लावले, कोणी फूल. काजल आजीच्या खांद्यावरून एकेक वाचत होती, आणि वाचता वाचता तिला हसू फुटलं. आठवडाभरानं पहिल्यांदा. मग हसता हसताच तिनं ओढणीनं डोळे पुसले.

सगळ्यांच्या खाली, शेवटी, तिच्या वडलांचा मेसेज आला. पोरीच्या कॉलेजात काय चालतं ते दिसावं म्हणून त्यांनी तिच्याच हातानं आपला नंबर त्या ग्रुपात घालून घेतला होता. लिहिलं आजवर कधीच नव्हतं. त्यांनी कोणाचं बघून लिहिलं नव्हतं.

'काजल, घरी ये. सोमवारी मी येतो तुह्यासंगं.'